विराम शुल्क

गंगाधर तळवडेकर यांनी आयुष्यात कधीही चुकीच्या जागी गाडी उभी केली नव्हती. स्वभाव कायदा पाळण्याचा होता हे खरं, पण गाडी निवृत्तीनंतर आली हेही तितकंच खरं. विमा कंपनीच्या कचेरीत हयातभर दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासल्यामुळे ते लालबागच्या रस्त्यावरून अशा बेताने गाडी चालवत, की मागचे टॅक्सीवाले हॉर्न वाजवायचं सोडून त्यांची काळजी करू लागत.

अशा माणसाच्या मोबाइलवर एका सकाळी निरोप आला. परळच्या 'स्पिंडल स्क्वेअर' संकुलात विरामवर्जित क्षेत्रात वाहन थांबवल्याबद्दल आपणांस दीड हजार रुपये विराम शुल्क आकारण्यात येत आहे, असं त्यात म्हटलं होतं. पाठवणारी संस्था 'सुविराम पार्किंग सेवा'. पुराव्यादाखल फोटो होता. गाडी त्यांचीच होती. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी ललिताबाई नेमक्या जांभई देत होत्या.

प्रकार साधा होता. ललिताबाईंच्या गुडघ्याचे व्यायाम करून घेणारा दवाखाना त्या संकुलात होता. गाडी फाटकाशी आली, सुरक्षारक्षकाने हात वर केला, गंगाधररावांनी ब्रेक दाबला. रक्षकाने काठीला लावलेला आरसा गाडीच्या पोटाखालून फिरवला आणि "जावा" म्हटलं. ते गेले. मधल्या वेळात खांबावरच्या कॅमेऱ्याला गाडी थांबलेली आढळली.

"भरून टाका आणि मोकळे व्हा," ललिताबाई म्हणाल्या.

"प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे," गंगाधरराव म्हणाले. मराठी माणसाने असं म्हटलं की पुढचे काही महिने घरात दुसरा विषय नसतो.

त्यांनी अर्ज लिहिला. ज्या जागी हे संकुल उभं होतं तिथे पूर्वी गिरणी होती आणि तिच्या साचाखात्यात त्यांचे वडील माग चालवत. 'अख्खी गिरणी थांबली तेव्हा कुणी कुणाला शुल्क लावलं नव्हतं. मी तर आपल्याच रक्षकाच्या आज्ञेने क्षणभर थांबलो,' असं एक धारदार वाक्य त्यात होतं. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की अर्ज वाचायला कुणी माणूस मध्ये पडला नसावा. 'आपल्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत. शुल्क कायम.' वाद मिटेपर्यंत गाडीचा क्रमांक वर्ज्य वाहनांत घालण्यात आला.

परिणाम असा झाला, की ज्या गुडघ्याला कमी चालावं म्हणून गाडी घेतली होती, तो गुडघा आता फाटकापासून दवाखान्यापर्यंत चालू लागला. गाडी आत नाही म्हणजे नाही. वाटेत बसायला जागा नव्हती. बाकड्यांवर माणसं थांबतात म्हणून संकुलाने बाकडीच काढून टाकली होती.

"माझो गुडघो तुमच्या तत्त्वाची वाट बघूचो नाय," ललिताबाई म्हणाल्या. त्या मालवणीत शिरल्या की गंगाधरराव वाद थांबवत. पण अर्ज थांबवत नसत.

ललिताबाईंची अडचण ओळखली ती त्याच सुरक्षारक्षकाने. त्याचं नाव राजरत्न. चाळिशीचा, अंगावर दोन मापं मोठा गणवेश. त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून बाहेर आणली. "बसा ताई. श्वास घ्या, मग जा. कॅमेरा या कोपऱ्यात बघत नाय." पुढे ते नेहमीचंच झालं. ललिताबाई खुर्चीत बसत आणि तो पूर्ण वेळ उभा राही. शेवटी त्या त्याच्यासाठी डब्यातून घावणे नेऊ लागल्या.

दरम्यान तिसऱ्या अर्जाला माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. 'फोटोत हात दिसतो. परंतु तो मनगटापर्यंतच आहे. सदर हात आमच्याच कर्मचाऱ्याचा असल्याचं आपण सिद्ध करावं.'

गंगाधररावांनी फोटो मोठा करून पाहिला. मनगटाजवळ निळं गोंदण होतं, मोराचं. त्याच दुपारी त्यांनी फाटकावर जाऊन राजरत्नला सगळं समजावलं.

"माझाच हात आहे साहेब," राजरत्न म्हणाला. "माझ्यामुळं तुमाला ताप झाला. घ्या ना फोटो." त्याने बाही वर करून हात उंचावला, आणि पहिला फोटो हलला म्हणून पुन्हा उंचावला. मोर स्पष्ट आला. वर त्याने आपलं पूर्ण नाव आणि बिल्ल्याचा क्रमांकही सांगितला.

सुनावणीचा दिवस ठरला. तक्रार निवारण कक्ष तिसऱ्या तळघरात होता. खाली जाण्यासाठी गाड्यांचा उतार होता, त्यावर पायी जायला मनाई होती. लिफ्ट होती, ती पार्किंगचं कुपन दाखवल्यावर चाले. कुपन गाडीला मिळे, आणि गाडी वर्ज्य होती. गंगाधररावांनी दोन पावलं मागे जाऊन विचार केला आणि टॅक्सीला हात केला.

टॅक्सी तळघरात पोचली, पण तेही विरामवर्जित क्षेत्र होतं. "साहेब, इथं थांबलो तर मला लावतील," टॅक्सीवाला म्हणाला. "मी फिरत राहतो. तुम्ही उरकून या." मीटर चालू ठेवून तो खांबांभोवती प्रदक्षिणा घालू लागला.

कक्षात ऋता नावाची तरुणी होती. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हसून विचारलं, "सर, एकच सांगा. गाडी थांबली होती ना?"

"तुमच्या रक्षकाने थांबवली."

"बरोबर. त्यांना थांबवण्याचा अधिकार आहे. थांबू देण्याचा नाही."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"ते आमच्या कक्षेत येत नाही, सर."

काचेबाहेरून टॅक्सी गेली. टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "झालं का?"

गंगाधररावांनी मोराचे दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पिसारा तोच, चोच तीच, पिसाऱ्याची अर्धवट राहिलेली कडाही तीच. मग त्यांनी नाव आणि बिल्ल्याचा क्रमांक वाचून दाखवला. हयातभरातला कुठलाही विमा दावा त्यांनी इतक्या चोख कागदांनिशी पाहिला नव्हता. ऋता बराच वेळ फोटो पाहत राहिली आणि उठून उभी राहिली.

"सर, दावा मान्य. असा पुरावा आमच्याकडे आजवर कुणी आणलेला नाही."

गंगाधररावांचे डोळे पाणावले. साचाखात्यातले वडील आज हवे होते, असं त्यांना वाटून गेलं.

"इथे सही करा," ऋता म्हणाली. "एकदा निर्माण झालेलं शुल्क आमच्या सिस्टिममध्ये रद्द होत नाही. फक्त नाव बदलता येतं. थांबण्यास जो कारणीभूत, त्याच्या नावावर ते जातं."

गंगाधररावांचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच राहिलं. "म्हणजे त्या..."

"ते पगारातून परस्पर होतं, सर. तुम्हाला काही करावं लागत नाही."

टॅक्सी पुन्हा आली. या वेळी हॉर्न वाजला. तळघरात हॉर्न फार मोठा ऐकू येतो. माणसाला त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. गंगाधररावांनी सही केली. सही नेहमीप्रमाणे सुवाच्य आली.

पुढच्या आठवड्यात ते ललिताबाईंना घेऊन थाटात फाटकातून आत गेले. कुणी हात वर केला नाही. राजरत्न दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता. त्याच्याजवळ खुर्ची नव्हती. ताईंना बसवल्याचंही चौकशीत निघालं होतं.

"त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापतात म्हणे," ललिताबाई म्हणाल्या. त्यांनी डबा मांडीवर घट्ट धरला होता.

"मग त्याने दाद मागावी," गंगाधरराव म्हणाले. "मार्ग मी खुला करून दिला आहे." थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "अर्ज मी लिहून देईन त्याला. सवडीने."

सवड झाली नाही, कारण सत्कार सुरू झाले. इमारतीच्या वार्षिक सभेत त्यांना शाल मिळाली. ज्येष्ठ नागरिक संघात 'सामान्य माणूस लढला तर जिंकतो' या विषयावर ते बोलले. गोष्ट तिसऱ्या तळघरापर्यंत आणून त्यांनी मोराचा फोटो वर धरला, 'दावा मान्य' हे शब्द उच्चारले, आणि ती तिथेच संपवली. सभागृह उठून उभं राहिलं. पहिल्या रांगेत ललिताबाई तेवढ्या बसून होत्या. गुडघा दुखत असेल, असं सगळे धरून चालले.

वाचकहो, सभागृहाला हसू नका. ते दोन शब्द आले तेव्हा मनातल्या मनात आपणही एक टाळी वाजवलीत. राजरत्नचा हप्ता अजून चालू आहे.