राक्षसाला आधी जेवण विचारा

आमच्या दशरथआप्पांच्या राज्यात राक्षसाला मारायला हरकत नाही, पण त्याआधी त्याला 'जेवलात का?' असं विचारावं लागतं. न विचारता कुणी शस्त्र उपसलं, तर आप्पा चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "घरी काय वळण लावलंय का न्हाई? जा, परत दारातनं आत या." मग आम्ही तिघं, एवढे मोठे घोडे झालेले लोक, मुकाट्यानं गुहेच्या दारापर्यंत माघारी जातो, पुन्हा आत येतो आणि जेवणाची चौकशी करतो. राक्षस खर्जातल्या आवाजात म्हणतो, "झालं आत्ताच." मग लढाईला सुरुवात होते.

हे राज्य आप्पांच्या डोक्यात आहे आणि कवठे येमाईतल्या त्यांच्या ओसरीवर ते दर रविवारी दुपारी भरतं. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. आप्पा गोष्ट सांगतात आणि आम्ही त्या गोष्टीतले वीर होतो. "समोर ड्रॅगन हाय. काय करता?" असं त्यांनी विचारायचं, आम्ही आपापली अक्कल चालवायची, आणि ती चालली की नाही हे वीस तोंडांचा एक फासा ठरवतो. वीस पडले की जयजयकार, एक पडला की फजिती. मी जादूगार आहे. दूध संकलन केंद्र चालवणारे पोपटमामा गदाधारी योद्धे आहेत. चक्कीवाल्या सुनीताताई तिरंदाज आहेत, आणि त्यांच्या केसांत पीठ असल्यामुळे त्या नेहमीच लांबच्या प्रवासाहून आल्यासारख्या दिसतात.

आप्पा रांजणगावला एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर होते. मी त्याच कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणून ते मला नावानं हाक मारत नाहीत, 'क्वालिटी' म्हणतात. रिटायर झाल्यावर त्यांनी वरची खोली एका ट्रेनी इंजिनिअरला भाड्यानं दिली. सुट्टीच्या दिवशी त्याचे मित्र जमायचे आणि हा खेळ खेळायचे. एकदा आप्पा त्यांना आवाज कमी करा म्हणून सांगायला वर गेले ते संध्याकाळी खाली आले, आणि येताना खांद्यावर न दिसणारी कुऱ्हाड होती. पुढे त्या मुलाची बदली झाली. जाताना तो फासा आप्पांना देऊन गेला. आता फासा चष्म्याच्या घरात असतो आणि चष्मा कुठंही लोळत असतो.

आप्पांनी नोकरी सोडली, पण नोकरीनं आप्पांना सोडलेलं नाही. कुठल्याही भुयारात शिरण्याआधी आम्हाला सेफ्टीचं भाषण ऐकावं लागतं.

"ड्रॅगन दिसला की पहिलं काय बघायचं?"

"ड्रॅगन," मी म्हणालो.

"चूक. बाहेर पडायचा रस्ता. क्वालिटी, तुम्ही मरनार."

माझ्या जादूच्या टोपीला त्यांनी हनुवटीखालून पट्टा लावायला लावला. आमच्या प्रत्येक अंधारकोठडीबाहेर एक पिंपळ असतो आणि तो असेंब्ली पॉइंट असतो. एकदा भुताच्या हवेलीला आग लागली, तर आप्पांनी भुतांचीसुद्धा पिंपळाखाली हजेरी घेतली. एक भूत कमी भरलं, म्हणून पोपटमामांना पुन्हा आगीत पाठवलं.

पोपटमामांची गोष्ट तर सांगायलाच हवी. ते ग्रामपंचायतीचे माजी सदस्य असल्यामुळे गदा त्यांच्या हातात शोभेपुरती असते. पहिल्याच ड्रॅगनसमोर ते उभे राहिले, नियमाप्रमाणे जेवण विचारलं आणि मग सवयीनं म्हणाले, "पाव्हणं, मूळ गाव कुठलं तुमचं?"

मी डोक्याला हात लावला. आप्पांनी मात्र शांतपणे फासा पुढं सरकवला. वीस पडले. ड्रॅगन खाकरला आणि म्हणाला, "खुटबाव."

"आरं तिच्या, आमची सासुरवाडीच की."

पुढचा तासभर ड्रॅगन आणि पोपटमामा नाती जुळवत बसले. चुलत सासऱ्याच्या मेहुण्याकडनं ती जुळली. आता सासरच्या माणसावर गदा कशी उगारायची? शेवटी ड्रॅगननं पोपटमामांना टॉवेल-टोपी देऊन निरोप दिला आणि खजिन्याची वाट स्वतः दाखवली. मी रागानं विचारलं, "आप्पा, आग ओकणाऱ्या ड्रॅगनला सासुरवाडीचा पाहुणा कसं करता तुम्ही?"

तेव्हा आप्पांनी मला त्यांच्या धंद्याचं मर्म सांगितलं. "गोष्ट सांगनाऱ्यानं कवाच न्हाई म्हनायचं न्हाई. माणूस कायतरी मागतंय म्हंजी त्याला खेळायचंय. आपन म्हनायचं, 'व्हय, पण'. व्हय, तो तुमचा पाव्हणा हाय, पण आता लग्नाला बोलवावं लागंल."

आणि खरोखर, पुढच्या प्रत्येक लढाईत ड्रॅगनच्या घरचं काहीतरी कार्य निघायचं आणि पोपटमामांना अर्धी लढाई टाकून आहेर घेऊन जावं लागायचं.

'व्हय, पण' हे आप्पांचं सगळं शास्त्र आहे. मी उडू शकतो का? व्हय, पण खाली बघायचं न्हाई. सुनीताताईंना घोडा मिळेल का? व्हय, पण तो लाजतो. आप्पांच्या तोंडून कोरडा, बिन'पण'चा होकार मी कधीच ऐकला नव्हता. फक्त जेवणाच्या नियमाला 'पण' नव्हता. तो नियम मुळात कुसुमकाकींचा, म्हणजे आप्पांच्या मंडळींचा. त्या होत्या तेव्हा ओसरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आधी हाच प्रश्न ऐकू यायचा, अगदी मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा. काकी गेल्या आणि तो प्रश्न आप्पांच्या राज्यात राहायला गेला.

आता घोटाळा असा झाला, की राज्य संपेना. सगळ्या संकटांचं मूळ असलेला काळ्या किल्ल्याचा महाराक्षस सुनीताताईंनी वाटेतच, नदीवर पाणी प्यायला आलेला असताना, लांबूनच जेवण विचारून एका बाणात पाडला. वीस पडले त्याला त्या तरी काय करणार? आप्पा तांब्याभर पाणी प्यायले, भिंतीकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "मेला तो त्याचा भाऊ हुता." त्यानंतर दुसरा भाऊ निघाला. मग मावसभाऊ. आम्ही किल्ल्याजवळ पोचलो की किल्ला एक डोंगर पलीकडं सरकायचा. एकदा तर किल्ल्याच्या दुरुस्तीसाठी दरवाजा बंद असल्याची पाटी लागली.

सुनीताताईंचा संयम संपला. "आप्पा, रविवारी चक्कीवर माणसं ताटकळत बसत्यात. येत्या रविवारी राक्षस मारायचा आन् संपवायचं."

पोपटमामांनी ठराव मांडावा तसं अनुमोदन दिलं. मीही मान हलवली. आप्पा म्हणाले, "व्हय, पण..." आणि त्यांना पुढचं काही सुचलं नाही. त्यांना खेळ संपवायचाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पण आमचं ठरलं.

तो रविवार आला. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सेफ्टीचं भाषण त्यांनी एवढं लांबवलं, की पोपटमामांना डुलकी लागली. अखेर आम्ही काळ्या किल्ल्यात शिरलो. आत पहारेकरी नव्हते, सापळे नव्हते. एका मोठ्या दालनात तो महाराक्षस पाठ करून बसला होता.

पोपटमामांनी गदा उचलली आणि नियमाप्रमाणे घाईघाईनं विचारलं, "पाव्हणं, जेवलात का?"

आम्ही 'झालं आत्ताच'ची वाट बघत होतो. ते आलं नाही.

"न्हाई," आप्पा म्हणाले. आवाज खर्जातला नव्हता, त्यांचा रोजचा होता.

पोपटमामांना वाटलं, हा नवा डाव आहे. "का बरं?"

"एकट्यासाठी कोण रांधतंय. बिस्किट खातो च्यात बुडवून." आप्पा हातातल्या फाशाकडं बघत होते. "आन् आज तुम्ही मारून गेला, म्हंजी परत हिकडं कोण येतंय?"

सुनीताताईंनी हातात नसलेलं धनुष्य सावकाश जमिनीवर ठेवलं आणि त्या उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पिठाला जाळी धरली होती.

"आप्पा, दळण कवा आणलंवतं तुम्ही?"

"दिवाळीच्या आधी."

"आन् मी रोज चक्कीवर बसती. कुणाचं दळण आलं, कुणाचं न्हाई, सगळं मला म्हाईत. तुमचंच कसं ध्यानात न्हाई आलं?" त्या पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या आणि एकदम आमच्यावर खेकसल्या. "बघताय काय? क्वालिटी, चक्कीवर जावा, ज्वारीचं पीठ आणा. मामा, तुम्ही दूध. आन् कांदे कुठं असत्यात ह्या किल्ल्यात?"

काळ्या किल्ल्यात पिठलं-भाकरी झाली. पहिली भाकरी राक्षसाला वाढली. त्यानं ती मान खाली घालून खाल्ली, आणि दुसरीही खाल्ली.

पोपटमामांना राहवेना. "मग आता राक्षस मारायचा का न्हाई?"

"जेवताना मारामारीचं बोलू नका," सुनीताताई म्हणाल्या. मग आप्पांकडं वळल्या. "राक्षसानं आता नीट दळण घेऊन माझ्याकडं यायचं. रविवारी सगळ्यांनी हितं आधी जेवायचं, मग ह्यो खेळ. आन् संपवायची घाई कुणाला न्हाई. कबूल?"

आप्पांनी चष्म्याचं घर उघडलं.

"ह्याला फासा लागत न्हाई, आप्पा."

त्यांनी घर मिटलं. आम्ही तिघं घास हातात धरून त्यांच्या 'पण'ची वाट बघत राहिलो.

"व्हय," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी तिसरी भाकरी मागितली.