रिकाम्या घरातील आक्रोशाची हकीकत

श्रीमंगलमूर्ती साह्य. शारदेने लेखणीस बळ द्यावे, कारण पुढील मजकूर लिहिणे सोपे नाही. शके सतराशे एकसष्ट, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एक राज्य होते, त्याचे नाव घेणे सोईचे नाही. तेथे महामारी होऊन पुष्कळ घरे ओस पडली, आणि ती निराश्रितांस द्यावी ऐसे महाराजांनी मनी आणिले, ते उत्तमच आणिले. पूर्वी हे काम पाटील करी, दारी जाऊन हाक मारी आणि आतून ओ आली की माघारी फिरे. परंतु कारभारी नारो विश्वनाथ यांनी अर्ज केला की, "पाटील भिडेस पडतो, सोयऱ्याधायऱ्यांचे पाहतो. परमुलखीचा कारागीर यंत्र करून देतो, ते बुरुजावर बसून घरोघरचा धूर पाहील, आणि जेथे काही दिवस धूर नाही ते घर ओस, ऐसा निवाडा आपला आपणच करील. त्यास ना सोयरा ना वैरी." महाराज बहुत संतोष पावले आणि यंत्र बुरुजी चढविले आणि पाटलांस घरी बसविले. आणि सभेत एवढे शास्त्री, एवढे मुत्सद्दी, परंतु सुतकात चूल पेटत नाही हे एकासही आठवले नाही! कोणत्या जन्मीचे हे पाप म्हणावे?

मग ऐसे झाले की लादोबा कासार वारला. मागे त्याची बायको गोजराबाई आणि अंथरुणास खिळलेला सासरा येसबा, दोघेच. रीतीप्रमाणे चूल बंद आणि शेजारीण आनसाबाई पिठले-भात आणून देई. यंत्राने निवाडा दिला की घर ओस. आणि रायाजी हवालदार कुलूप व मोहोर घेऊन आला, तो गोजराबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "दादा, माणसं हाईत की घरात! मी काय भूत हाय व्हय?" रायाजी तसा भला माणूस, त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "बाई, माझ्या डोळ्यांचं कोण ऐकतंय? वरनं रिकामं ठरलंय." ऐसे बोलून तीस आत लोटिले, दार ओढिले, कुलूप घातले, मोहोर केली आणि चौकी बसविली. जिवंत माणसे आत आणि बाहेरून कुलूप! शिव शिव! ऐसे वैऱ्याच्या फौजेनेही कधी केले नव्हते.

आनसाबाई भात घेऊन आली, तीस चौकीने परतविले. मग ती कचेरीत धावली, तर तेथील कारकून म्हणाला, "घर रिकामं, मग कोंडलं कोणाला? आणि फिर्याद घ्यायची कोणाची?" आतून आक्रोश चालला होता आणि सारी आळी ऐकत होती आणि मोहोरेस हात लावावयास कोणाची छाती होईना. शेवटी महाराजांची स्वारी देवदर्शनास निघाली, तीस आनसाबाई आडवी पडली. महाराज पालखीतून उतरले, पायी आले आणि स्वहस्ते मोहोर फोडिली. आत हंडा कोरडा पडला होता. गोजराबाई भिंतीस टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर येसबाचे डोके होते. म्हातारा पाणी पाणी करीत सकाळीच गेला होता.

महाराज बाहेर आले. मग गर्जले, "हे कोणी केले?" हवालदार म्हणाला, यंत्राने. कारभारी म्हणाले, यंत्राने. कारागीर तर केव्हाच स्वदेशी गेला होता. "मग सुळी काय यंत्रास देऊ? उतरवा ते खाली!" तेव्हा नारो विश्वनाथ हात जोडून म्हणाले, "आज्ञा प्रमाण. परंतु निराश्रित वेशीबाहेर थंडीत पडले आहेत, आणि पाटलांची दारोदार फिरण्याची सवय मोडली. चूक एका घरी झाली, महाराज." आणि ज्या महाराजांच्या बोटांस मोहोरेची लाख अजून चिकटलेली, तेच म्हणाले, "बरे, पाहू." यंत्र राहिले. आम्ही हे कानी ऐकिले आणि आमचा कानांवर विश्वास बसला नाही.

म्हाताऱ्यास पोहोचवून मंडळी परतली, तो गोजराबाईने चुलीत गोवऱ्या घालून जाळ केला होता. वर तवा नाही, भांडे नाही. आनसाबाई किंचाळली, "गोजरे, सुतकात चूल? अगं, म्हाताऱ्याची राख अजून ऊन हाय!" गोजराबाई फुंकणी न सोडता बोलली, "पेटू दे, आत्या. रडत बसले तर पुन्यांदा कुलूप यील."

एकूण सार इतकेच की त्या राज्यात कोणी मेले तर आधी चूल पेटवितात आणि मग रडतात.