झाडावरची जमुनाबाई

जमुनाबाईंच्या थायरॉइडच्या ऑपरेशनला आठ महिने झाले होते. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी आता जन्माची सोबतीण झाली होती. कॅल्शियम कमी पडलं की बोटांना मुंग्या येत. त्याचं बाईंना काही वाटत नव्हतं. दुःख एकच होतं, आवाज गेला होता. बोलायला गेलं की घोगरं, फुसफुसतं काहीतरी निघायचं. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले होते, "सुधारेल हळूहळू. आवाजाचे व्यायाम करा, लाजून गप्प बसू नका." बाई नेमक्या लाजून गप्प बसल्या आणि हातवाऱ्यांवर घर चालवू लागल्या.

मोर्शीजवळच्या त्यांच्या संत्राबागेतल्या माकडांना ही बातमी सगळ्यांत आधी लागली. पूर्वी बाईंनी एक आरोळी ठोकली की टोळी तीन शेतं ओलांडायची. आता ती त्यांच्यासमोर बसून संत्री सोलू लागली.

सून पौर्णिमाने ऑपरेशनच्या आधी सासूचं ओरडणं गंमत म्हणून मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं होतं. त्यातलं अर्धं माकडांना होतं, अर्धं झाडाखाली झोपलेल्या नवऱ्याला, खुशालरावांना. खुशालरावांनी बॅटरीवरचा भोंगा आणला, त्यात ते भरलं आणि तो कडुनिंबावर उंच बांधला. मग कामं सोडून ते त्याच झाडाखाली बसू लागले. तीस वर्षं ज्याला कंटाळले, तेच त्यांना आता ऐकावंसं वाटत होतं. पण हे बायकोला सांगतील तर ते खुशालराव कसले!

अशात पौर्णिमाची आई इंदूबाई विहिणीची तब्येत विचारायला अकोल्याहून थेट बागेत आल्या. फाटक उघडताच वरून आवाज आला.

"आली का पुन्हा फुकटचं खायले? इथं काय तुमच्या बापाचा बगीचा हाय? चाला, निंघा!"

इंदूबाईंच्या हातातली पिशवी गळाली. "काय म्हनता ईनबाई? म्या दोन गाड्या बदलून आली अन् तुमी मले हाकलून राहिल्या?"

जमुनाबाई हातवारे करत धावल्या. "मी नाई... थे... झाड..." एवढंच फुसफुसलं.

"वा! दुरून बोंबलता अन् जवळ आल्यावर आवाज गेल्याचं नाटक करता?" इंदूबाईंनी तिथूनच मुलीला फोन लावला. "पौर्णिमा, बॅग भर. तुह्या सासूनं मले हाकललं!"

खुशालराव घाईघाईने शिडीवर चढले. बंद करायचं बटण सापडेना, आवाज वाढवायचं तेवढं सापडलं.

"अन् तुमी!" भोंगा गरजला. "भरदुपारी झोपता? लाज वाटते का काई?"

"म्या कुठी झोपली?" इंदूबाई किंचाळल्या.

जमुनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सुनेची बॅग भरली जाणार होती आणि हातवाऱ्यांनी ती थांबणार नव्हती. त्यांनी पोटातून जोर लावला.

"अहो! बटन काय चाचपून राहिले? वायर उपटा थे!"

भोंगा बंद पडला. बाईंचा आवाज पूर्वीचा नव्हता, जाड आणि फाटका होता, पण पोचला होता. चार दिवसांत भोंग्याला सरावलेली माकडं कुंपणावर निवांत संत्री खात बसली होती, ती संत्री टाकून पळाली.

"ईनबाई, मंग आधी झाडावर कोन बोलत होतं?" इंदूबाईंच्या हातातला फोन तसाच राहिला.

"मीच, जुनी," जमुनाबाई म्हणाल्या. आता त्यांना थांबवतं कोण! "पौर्णिमाले सांगा, बॅग ठेव अन् पुरन घाल. अन् तुमी, उतरा खाली! ईनबाईले चहा कोन ठेवन? शिडीवर बसून काय पाहून राहिले?"

खुशालराव शिडीवरच दुपट्ट्याने डोळे पुसत होते.

"उतरतो ना," ते म्हणाले. "आखीन थोडंसं बोल, मंग उतरतो."