नको ते खोडा

रंगूबाई शेडगेचं शिक्षण तिसरी पास, पण तोंड पार मॅट्रिकच्या पुढे गेलेलं. त्यामुळे शहराच्या मॅरेथॉनचा फॉर्म घरात आला, तेव्हा तो दुसऱ्या कुणाकडून भरून घेणं म्हणजे तिच्या लेखी नाक कापून हातात देणं होतं.

शेजारची करिमुन्निसा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अगो रंगू, आमच्या जाफरला दे. कचेरीत कारकून हाय तो. दोन मिनटांत भरंल."

"तुझा जाफर सरकारचं फारम भरतो, म्हनून तर सरकार असं चाललंय," रंगूबाई म्हणाली आणि पेनाचं टोपण दातानं काढलं.

फॉर्म आला होता वामन मुकादमामुळे. रंगूबाईचा नवरा जोतीराम तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात हमाल, सतरा नंबरच्या टोळीत. वय चोपन्न. वामन त्या टोळीचा मुकादम. त्याचे केस कोळशाहून काळे आणि वय पंचेचाळीस. गेली दहा वर्षं पंचेचाळीसच. या वामनाला टोळीत आपला भाचा चिकटवायचा होता, आणि त्यासाठी एक माणूस कमी व्हायला हवा होता.

"जोतीराम थकला आता," तो सगळ्या टोळीसमोर म्हणाला. "त्याला गाळ्यात झाडू मारायला लावू."

नेमकी रंगूबाई डबा घेऊन मागे उभी. "थकला? आवो, तुमाला पाठीवर टाकून घाट चढंल ह्यो मानूस!"

"मग पळून दाखवू द्या की वयनी. म्हैन्याभरानं वाशीला मॅरेथॉन हाय. शर्यत पुरी केली तर पोतं, न्हाय तर झाडू."

"आन् तुमी? तुमी काय शिटी फुंकत बसनार?"

टोळी फिदीफिदी हसली. वामनाला छाती काढावीच लागली. "मी तर पळनारच! मोठीवाली. बेचाळीस किलोमीटर!"

जोतीरामाला कुणी काही विचारलं नाही. तशी पद्धत त्या घरात नव्हती.

तर फॉर्म. पहिली चौकट नावाची, काडेपेटीएवढी. तिच्यात 'जोती' मावला, 'राम' बाहेर राहिला. आडनावाच्या चौकटीत 'शेडगे' कसंबसं बसलं. मग 'गट' अशी चौकट आली. गट म्हणजे टोळीच की! रंगूबाईनं ठसठशीत सतरा लिहिलं. त्याखाली होतं 'पु. / स्त्री'. आता मतदानाच्या कागदावर आपल्याला जो हवा त्याच्यावर फुलीचा शिक्का मारतात, एवढं तिला कळत होतं. नवरा पुरुष आहे याची खात्रीही होती. तिनं 'पु.'वर दणदणीत फुली मारली. शेजारी मुंगीच्या अक्षरात 'नको ते खोडा' असं छापलं होतं. पण बारीक अक्षर आपल्यासाठी नसतंच, हा तिचा जुना अनुभव.

शर्यतीच्या सकाळी वाशीला मांडवात प्रियदर्शिनी नावाची कॉलेजातली मुलगी नंबर वाटत होती. तिनं यादी पाहिली. "ज्योती शेडगे कुठंय?"

"ह्यो काय," रंगूबाईनं नवऱ्याला पुढे ढकललं.

मुलीनं जोतीरामाच्या मिशा पाहिल्या, मग हातातला गुलाबी नंबर पाहिला. "काकू, ही तर मुलींची रेस आहे. सतरा वर्षांखालच्या. पाच किलोमीटर. तुमीच 'पुरुष' खोडलंय बघा."

"मी कशाला खोडू? तीस वर्सं संसार केलाय त्याच्याबरं!"

"आता काय चेंज नाय होणार हां. टेन्शन नका घेऊ, सीनियर सिटिझनमधे एक नंबर शिल्लक आहे. तीनच किलोमीटर. साठच्या पुढचे पाहिजेत, पण काकांना कोण विचारतंय? चालून जातील."

रंगूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हाताऱ्यांत उभा राहिला की वामन म्हणणार, बघा, मी काय सांगत होतो! "माझा नवरा म्हातारा न्हाय! कोन हाय तिथं सायब? दाखव मला. आवो, तुमी हितंच थांबा." एवढं बोलून तिनं गुलाबी नंबर जोतीरामाच्या छातीवर टाचला, तो हरवू नये म्हणून, आणि मुलीनं बोट दाखवलं तशी पदर खोचून ज्येष्ठांच्या रांगेपाशी उभ्या सायबाकडे निघाली.

तिथे पन्नासेक पांढरी डोकी उभी होती. त्यातलं एक डोकं उपरण्यानं तोंड झाकून कोपऱ्यात लपत होतं. चालण्याची ढब ओळखीची वाटली म्हणून रंगूबाईनं उपरणं ओढलं.

आत वामन मुकादम! कलप धुतलेला, डोकं कापसाचं बोंड.

"अगं आई गं! मुकादम, तुमची बेचाळीस हीच काय?"

"वयनी, हळू..." तो पुढं बोलणार एवढ्यात शिटी वाजली, आणि वामन जो सुटला! मागे रंगूबाई, "थांब रं म्हाताऱ्या!" ओरडत. पांढऱ्या डोक्यांतून वाट काढत, चौकीदाराला वळसा घालून तो असा पळाला, की जन्मात पोतं उचलताना तशी घाई त्यानं कधी केली नसेल. एक किलोमीटरवर रंगूबाईची चप्पल तुटली. वामनाला ते कळलंच नाही. तो पहिला आला.

इकडे जोतीराम. तीस वर्षं शिटी वाजली की हलायचं, एवढंच त्याला ठाऊक. मुलींची शिटी झाली तसा तोही निघाला. पाठीवर पोतं नाही म्हणून चुकल्यासारखं वाटत होतं, तरी कमरेत वाकून पाच किलोमीटर काढले. शंभर मुलींत एकविसावा आला आणि विचारू लागला, "माल कुटं उतरवायचा?"

बक्षिसाला नाव पुकारलं तर वामन पसार. रंगूबाई एका पायात चप्पल घालून मंचावर चढली. "आमच्याच टोळीचा हाय. द्या माज्याकडं."

सोमवारी वामन मार्केटात आला तो कलप लावून. घाईत कपाळही काळं केलेलं. रंगूबाई डबा घेऊन हजर होतीच. तिनं पदराखालून बक्षिसाचा कागद काढला आणि एकेक अक्षर लावत फक्त त्याच्यापुरतं वाचलं, "परथम क्रमांक. वामन. वय... एकसष्ट." मग हळूच विचारलं, "साठीला टोळीतनं नाव कमी करत्यात न्हवं?"

"वयनी, जोतीरामाला कोन झाडू देतंय? वाघ हाय तो! भाच्याचं बघतो मी दुसरीकडं." वामनानं खिशातून पेन काढून पुढे केलं. "तेवढा आकडा खोडा की कागदावरचा."

रंगूबाईनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली.

"नगं बाई. मला खोडाया जमत न्हाई, मुकादम. मी भलतंच खोडते."