एका टायमाले एकच

आमच्या सोसायटीतले नंदनवार सर दर सोमवारी एकच गोष्ट बदलतात. पांढरा बुशशर्ट तोच, करडी पँट तीच, संध्याकाळी बागेतल्या कडुनिंबाखालचा बाकही तोच. पण एखाद्या सोमवारी डोक्यावर लाल टोपी येते, आठवडाभर राहते आणि पुढच्या सोमवारी जाते. मग हातात शिट्टी येते. एका आठवड्यात ते बाकाच्या डाव्या टोकाऐवजी उजव्या टोकाला बसले, बाकी सगळं जसंच्या तसं. हे फक्त माझ्या लक्षात आलं. मी सोसायटीची सचिव आहे; कोण कुठे गाडी लावतं आणि कोण कुठे बसतं, हे मला पाठ असतं.

सर जीवरसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घराणं उमरेडचं, कोष्ट्यांचं. वडील हातमागावर बसायचे. सरांची सगळी नोकरी एका एन्झाइममागे गेली. आरएनएवर बारीकशी खूण करायची, एवढंच त्या एन्झाइमचं काम. सर त्यातलं एक अमिनो आम्ल बदलत आणि काय बिघडतं ते बघत. मग ते पूर्ववत करून शेजारचं बदलत.

"एवढ्या लांब माळेतलं एक?" मी एकदा विचारलं. "एकानं काय होणार, सर?"

"मागाची फणी पाहिली काय ताई तुम्ही? तिची एक काडी वाकली का पूर्‍या लुगड्यावर रेघ येते. इथं तसंच आहे. एक अमिनो आम्ल बदललं का एन्झाइमचा आकार बदलते, आरएनएवरची पकड ढिली होते. पण कोणत्या काडीनं काय होते, हे पाहाचं असन तर एका टायमाले एकच हलवाची. दोन हलवल्या का गेलं सारं!"

हा नियम त्यांनी प्रयोगशाळेत ठेवून घरी यायला हरकत नव्हती. पण ते तो घेऊन आले. मागे पाण्याचा पंप बंद पडला. मिस्त्रीने कंडेन्सर बदलला, व्हॉल्व्ह बदलला, पंप सुरू झाला. लोक टाळ्या वाजवणार, एवढ्यात सरांनी नवा कंडेन्सर काढून जुना बसवायला लावला. पंप पुन्हा बंद.

"काका, पाणी आलं नं? मग काहून खोलून राहिले?" मिस्त्री रडकुंडीला आला.

"पण कशानं आलं, ते सांग ना गा!"

वरच्या मजल्यावरून बादली वाजवणाऱ्या बाईंनाही त्यांनी तोच प्रश्न विचारला. मग नवा कंडेन्सर परत बसवून जुना व्हॉल्व्ह लावून पाहिला; पंप चालला. दोष कंडेन्सरचा होता, हे दुपारी सिद्ध झालं. इमारतीच्या आंघोळी त्यानंतर. गणपतीत पोह्यांवर ओतायची तर्री कडू झाली, तेव्हा आचाऱ्याला त्यांनी लहान लहान पातेल्यांत, दर पातेल्यात एकच मसाला वगळून, नवी तर्री करायला लावली. पोहे थंड झाले. तर्री मात्र सुधारली, हे मान्य करायला हवं.

बाकावर सरांच्या शेजारी जुई असते. ही त्यांची सहा वर्षांची नात. ती बोलत नाही, कुणाकडे बघतही नाही. फ्रॉकच्या काठाचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. तिच्या जनुकीय तपासणीचा निकाल आला, तो सरांनी मला हवामान सांगावं तसा सांगितला.

"माझंच खातं निघालं, ताई. आरएनएवर खुणा करणारंच एन्झाइम. एकच अमिनो आम्ल बदललं आहे. आईकडूनही तेच आलं, बापाकडूनही तेच. दोष कोणाचाच नाही."

"औषध?"

"नाही." त्यांनी शिट्टी खिशात ठेवली. "पाहून राहिलो."

काय पाहून राहिलेत, ते मला गेल्या महिन्यात कळलं. गच्चीचं कुलूप लावून मी बागेतून निघाले होते. हातात सोसायटीच्या किल्ल्यांचा जुडगा. बाकापाशी तो वाजला आणि जुईने मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं.

"थांब वं बाई!" एरवी मला अहो-जाहो करणारे सर ओरडले. "हलू नको!"

मी पुतळ्यासारखी उभी राहिले. उभ्या उभ्या टोपी आठवली, शिट्टी आठवली, बाकाचं उजवं टोक आठवलं. दर सोमवारी एक गोष्ट बदलून हा माणूस एवढ्याचीच वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच किल्ल्या घेऊन मी गेले. जुईने पुन्हा पाहिलं.

"उद्या किल्ल्या आणू नका," सर म्हणाले. "तुम्ही का किल्ल्या, ते पाहू."

मी जुडगा घरी खुंटीला टांगला आणि रिकाम्या हाताने गेले. जुई दोरा गुंडाळत होती. मी बाकापाशी पोचले. मान वर आली. तिने माझा हात पाहिला, मग चेहरा पाहिला, आणि दोरा सोडून माझ्या ओढणीचं टोक बोटात धरलं.

मला अर्धवट सोडलेलं काम आवडत नाही, म्हणून पुढची पायरी मीच सुचवली. "आता उद्या मी येत नाही, सर. किल्ल्या तुम्ही वाजवा. म्हणजे पक्कं कळेल."

पाणी आलेला पंप ज्याने खोलायला लावला, तो माणूस नातीच्या बोटांकडे बघत राहिला.

"नको," ते म्हणाले. "नाही कळलं तरी चालन."

मग म्हणाले, "तुम्ही येत जा, ताई. काही बदलू नका."