होल्डवर ठेवलेलं मेक्सिको

वरवंडला हायवेलगतच्या मंगल कार्यालयात आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. पंगतीत शितोळेआप्पांच्या ताटात जिलेबी पडली. आप्पांनी ती उचलली, मोडली, वास घेतला, परत ताटाच्या कडेला ठेवली आणि वाढप्याला सांगितलं, "ही होल्डवर हाय." वाढपी काही न कळून पुढे सरकला. आप्पांनी घड्याळात बघितलं आणि वीस मिनिटं हात बांधून बसले. आधी ज्यांनी जिलेबी खाल्ली त्यांना काही होतंय का, हे त्यांना बघायचं होतं. त्या वीस मिनिटांत ते ज्या माणसाकडे टक लावून बघत होते तो माणूस मी होतो.

मी तोवर चार जिलेब्या रिचवल्या होत्या. पाचवी हातात होती, ती मी मुकाट्यानं खाली ठेवली. वीस मिनिटं उलटली, मी जिवंत आहे याची खात्री पटली आणि मग आप्पांनी आपली जिलेबी तोंडात टाकली. एव्हाना ती गारढोण झाली होती.

आम्ही दोघं रांजणगावच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासतो. आप्पा मूळचे राहू गावचे, मी केंदूरचा, आणि आता दोघंही शिरूरला एकाच इमारतीत राहतो. तपासलेल्या मालाला आमच्याकडे तीन रंगांची लेबलं लागतात. हिरवं म्हणजे घ्या, लाल म्हणजे परत पाठवा, आणि पिवळं म्हणजे होल्ड, अजून खात्री नाही, कुणी हात लावू नका. माझी हिरवी लेबलं आधी संपतात, आप्पांची पिवळी. म्हणून कंपनीत त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना होल्डआप्पा म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि मला वाटतं, आवडतंही.

घरी वेगळं काही नाही. गॅसचा नवा सिलिंडर आला की तो एक दिवस गॅलरीत होल्डवर. गाडीचं पंक्चर काढलं की चाक अर्धा तास होल्डवर. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगतात की आप्पा त्यांना बघून गेले आणि पुढे दोन महिने निरोपच नाही. "पोहे आवडले का न्हाई, ते बी कळंना. मी होल्डवर व्हते," असं म्हणून त्या हसतात. आप्पा हसत नाहीत. ते म्हणतात, "मला भ्या वाटत न्हाई. मी खात्री करतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की एखादा माणूस खात्री करतो म्हणाला की मला आता त्याची काळजीच वाटायला लागते.

आणि हा रोग लागट आहे. आप्पांच्या शेजारी टेबल टाकून बसल्यापासून मीसुद्धा लिफ्टमध्ये शिरण्याआधी तिचा आवाज ऐकून घेतो. दूध तापवताना पातेल्यात वाकून बघतो. बायको विचारते, काय बघताय, तर मला सांगता येत नाही.

मागच्या वर्षी आप्पांच्या मयूरीला मेक्सिकोला जायची संधी आली. मयूरी त्यांची एकुलती एक मुलगी, इंजिनिअर, आमच्याच एमआयडीसीत दुसऱ्या कंपनीत कामाला. त्या कंपनीचा एक कारखाना मेक्सिकोत आहे आणि तिथं दोन वर्षांसाठी तिला पाठवायचं ठरत होतं. पोरगी बापाच्या हाताखाली वाढलेली, त्यामुळे तिनं आधी कागदपत्रं दाखवली, मग विमानाची माहिती दाखवली, मग राहायच्या जागेचे फोटो दाखवले आणि शेवटी म्हणाली, "पप्पा, सोमवारी उत्तर द्यायचंय. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. पण होल्ड म्हणायचं नाही. हो किंवा नाही."

आप्पांच्या हातातून पिवळं लेबलच काढून घेतलं तिनं. तो मंगळवार होता.

बुधवारी आप्पा माझ्या टेबलाशी आले. चेहरा असा, की मला वाटलं कुणी गेलं. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, की हे मेक्सिकोवाले खातात काय, आणि ते आपल्याकडे कुठं मिळतं. त्यांनी फोनवर मेक्सिकोचे व्हिडिओ बघितले होते. त्यात भूकंप होते, बंदुका होत्या, तोंडाला फडकी बांधलेली माणसं होती. त्यातलं ते मला काहीच बोलले नाहीत, मला ते नंतर वहिनींकडून कळलं. माझ्याशी त्यांनी फक्त जेवणाची गोष्ट काढली. दोन वर्षं पोरगी काय खाणार, तेवढं बघायचं, आपण खाऊन खात्री करायची आणि मग सांगायचं. मला ते पटलं. माझी मुलगी अजून चौथीत आहे, तरी त्या क्षणी मला तिच्या डब्याची धास्ती वाटली.

सुरुवात शिरूरपासूनच केली. स्टँडच्या अलीकडे एका कॅफेच्या पाटीवर मेक्सिकन सँडविच असं लिहिलेलं होतं आणि फोनवर त्याला जवळजवळ पाच स्टार होते. सँडविच आलं. आत कोबी, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे आणि पांढरं काहीतरी. आप्पांनी मालकाला विचारलं, यात मेक्सिकन काय आहे. मालक म्हणाला, "मका हाय की." आप्पांनी तिथंच फोन उघडून स्टार देणाऱ्यांची नावं एकेक करून वाचून काढली. अकरापैकी नऊ जणांचं आडनाव मालकाचंच होतं.

"भावकीनं दिल्यात स्टार," आप्पा म्हणाले. "भावकी एकतर पाच देती न्हाईतर एक. मधलं काय देत न्हाई."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं पुण्यातल्या हॉटेलांचे शेरे वाचत बसायला लागलो. आप्पांनी वहीच केली. त्यांचा या स्टारांवर मुळातच विश्वास नाही, आणि त्याला कारण आमची कंपनी. आमच्याकडे बाहेरचं ऑडिट असलं की आठवडाभर आधी भिंतींना रंग देतात, पंखे पुसतात, संडासात साबण ठेवतात. ऑडिटवाले खूश होऊन जातात आणि साबणही त्यांच्या मागोमाग जातो. आप्पा म्हणायचे, की फोटोत दिसतं ते ऑडिटच्या दिवसाचं हॉटेल. एका बाईनं लिहिलं होतं, अगदी अस्सल मेक्सिकन चव. आप्पांनी वहीत तिच्यापुढे लिहिलं, "मेक्सिकोस गेली होती काय?" मुलाच्या वाढदिवसाला गेलेल्यांचे सगळे शेरे त्यांनी बाद केले, कारण वाढदिवसाला माणूस वाईट बोलत नाही. पार्किंग नाही म्हणून एकच स्टार देणाऱ्यालाही बाद केलं. तो जेवलाच नसावा, असं त्यांचं मत पडलं.

शेवटी त्यांनी जी रीत काढली ती मला आजही पटते. ते म्हणाले, "तक्रारी वाच. धा जणांची एकच तक्रार असंल तर दोष खरा. धा जणांच्या धा तऱ्हा असतील तर माल बरा हाय, गिऱ्हाईक नाठाळ हाय." आमच्या खात्यात दोष असाच पकडतात. त्या हिशेबानं पुण्याच्या पूर्वेकडचं एक हॉटेल निघालं. कुणाला तिथलं संगीत मोठं वाटलं होतं, कुणाला खुर्ची टोचली होती, एकाला वेटरनं ओळख दाखवली नव्हती. जेवणाबद्दल दोनदा आलेली तक्रार एकही नव्हती. ते वाचून आप्पांनी वही मिटली. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. तसा काही झालेला दिसला नाही.

रविवारी दुपारी माझ्या गाडीनं निघालो. मयूरी घरी होती, तिला सांगितलं की कंपनीचं काम आहे. वाघोलीच्या गर्दीत गाडी तासभर अडकली तरी आप्पा एका शब्दानं वैतागले नाहीत. उलट म्हणाले, "असू दे. सावकाश जाऊ." मीच घाबरलेलो होतो. समजा तिथं काही वाईट निघालं, तर पोरीची संधी जाणार, आणि गाडी मी चालवतोय. आणि चांगलं निघालं तर ती जाणार, तरी गाडी मीच चालवतोय.

घोळ झाला तो कपड्यांचा. वहिनींनी इस्त्री केलेला सापडला म्हणून आप्पा कंपनीचाच शर्ट घालून आले होते. खिशावर गुणवत्ता विभाग असं धाग्यानं भरलेलं, गळ्यात ओळखपत्र. हॉटेलात बसल्या बसल्या त्यांनी खिशातून छोटी बॅटरी आणि भिंग काढलं आणि पाण्याचा ग्लास उजेडात धरला. दोन मिनिटांत मॅनेजर धावत आला. त्याच्या कपाळावर घाम होता. अन्न खात्याचा माणूस आलाय, असंच त्याला वाटलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण आप्पांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला आणि शांतपणे म्हणाले, "किचन दाखवता का?"

मी त्यांच्या मागोमाग गेलो. सोंग उघडं पडलं तर काय, याचं मला भय, मॅनेजरला आमचं भय. आप्पांना कशाचं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. ओट्यांच्या खाली बॅटरी मारून झाली. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहिलेली होती. एक बाई मक्याच्या पिठाच्या पातळ भाकऱ्या दाबून तव्यावर टाकत होती, तिच्या डोक्याला टोपी होती आणि नखं कापलेली होती. मग आप्पा फ्रीजच्या दारावर लावलेल्या तापमानाच्या तक्त्याशी थांबले. लबाडी पकडायची ती त्यांची खास जागा. आळशी लोक संध्याकाळचे आकडे सकाळीच भरून ठेवतात. तक्ता दुपारी बारापर्यंतच भरलेला होता. चार वाजायचे होते आणि चारपासूनचे पुढचे रकाने कोरे होते.

आप्पांचा चेहरा उतरला. मला वाटलं, काहीतरी भयंकर सापडलं.

आम्ही परत टेबलावर येऊन बसलो. मॅनेजरनं स्वतः वाढलं. मक्याची ती भाकरी, तिच्यात शिजवलेला राजमा, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि वाटलेली हिरवी मिरची. मी आप्पांकडे बघत राहिलो, कारण आता घड्याळ निघणार आणि मला आधी खावं लागणार, हे मी धरून चाललो होतो. घड्याळ निघालं नाही. त्यांनी पहिलाच घास थेट तोंडात घातला. आजवर मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. एक संपली, दुसरी संपली, मान वर नाही. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मिरचीला दोष दिला आणि पाणी पुढे सरकवलं.

त्यांनी ग्लास बाजूला केला.

"संतोष, कायच सापडलं न्हाई रं," ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, काय तरी सापडंल. एक झुरळ जरी निघालं असतं ना, तरी भागलं असतं माझं. घरी जाऊन सांगितलं असतं, पोरी, न्हाई."

चार दिवस आम्ही दोघं चांगलं हॉटेल शोधत होतो, असं मी समजत होतो. शोधत होतो मी एकटाच.

"भ्या वाटतंय रं लई," आप्पा हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आप्पांच्याही वर कुणीतरी खात्री करणारा असावा असं मला उगाच वाटायचं, आणि तिथं कुणीच नव्हतं.

मग त्यांनी हात धुतले, नीट पुसले आणि बाहेर फुटपाथवर जाऊन मयूरीला फोन लावला. मी काचेतून बघत होतो. मॅनेजरही माझ्या शेजारी येऊन बघायला लागला, त्याला वाटलं निकाल वर कळवतायत. फोन दोन मिनिटांतच संपला. परतीच्या वाटेवर त्यांनी मला एवढंच सांगितलं, की तिला म्हणालो, तिकडचं जेवण मी खाऊन बघितलंय, बरं हाय, जा तू.

मयूरी गेली. ती गेल्यावर आठवड्याभरानं बायकोला त्या हॉटेलाला न्यावं असा विचार मनात आला, म्हणून मी फोनवर ते हॉटेल काढलं. सगळ्यात वर नवा शेरा होता. एकच स्टार. खाली नाव आप्पांचं.

"जेवण चांगले आहे. स्वच्छता चांगली आहे. तापमानाची नोंद खरी आहे. दोष आढळला नाही. मुलगी दोन वर्षांसाठी गेली."

त्याच्या खाली हॉटेलवाल्यांचं उत्तर होतं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, नेमकं काय चुकलं ते कळवा, आम्ही ताबडतोब दुरुस्त करू.

त्यावर आप्पांनी अजून काही लिहिलेलं नाही.