उघड्या टपाची हौस

माझ्या हातात पाना आला की यंत्रं सरळ वागायला लागतात, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. आमचं कपडे धुण्याचं यंत्र मी दुरुस्त केलंय. गवत कापायचं यंत्रही मीच दुरुस्त केलंय. ते आता फक्त उलटं चालतं, पण गवत कापलं जाण्याशी मतलब! तसा माझा धंदा ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट पिरी गावातल्या घरोघरचे पाण्याचे मीटर वाचण्याचा. पण हाताला जात्याच गुण आहे, त्याला कोण काय करणार?

त्यामुळे ती जाहिरात वाचली तेव्हा मी जागचा उठलोच. जर्मन गाडी! आलिशान! बटण दाबलं की टप घडी होऊन डिकीत जाणारा! वय बावीस वर्षं, आणि किंमत आमच्या नव्या फ्रिजपेक्षा कमी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "थोडं काम आहे."

"थोडं म्हणजे किती?" रेलीननं विचारलं. रेलीन माझी बायको.

"थोडं म्हणजे थोडं गं!"

"तुझं थोडं मला माहीत आहे, क्लाइव्ह. बाथरूमची फरशीही थोडीच राहिली आहे. तीन वर्षं मी एका पायावर उभी राहून आंघोळ करतेय."

"गाडी निराळी. गाडीत तर्क असतो. अमुक बंद पडलं तर तमुक बदलायचं, संपलं!"

गाडी ॲडलेडला एका दातांच्या डॉक्टरकडे होती. ती आणायला मी शेजारच्या नुन्झिओचा ट्रक मागून घेतला. नुन्झिओनं चाळीस वर्षं मासेमारी केली. आता निवृत्त झालाय, तरी कमरेची सुरी आणि लोकांच्या कारभारात नाक खुपसायची सवय काही सुटलेली नाही. ट्रकबरोबर तोही आला.

"इंजिन कसं आहे?" मी डॉक्टरला विचारलं.

"उत्तम!"

"चालू करून दाखवता?"

"आज तिचा मूड नाही," डॉक्टर म्हणाला आणि आम्ही काही बोलायच्या आत गाडी ढकलायला लागला. त्याची बायको धावत आली, तीही ढकलायला लागली. फळ्यांवरून गाडी ट्रकात चढली तेव्हा घरातून त्यांच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरनं मला चक्क मिठी मारली. मला वाटलं, काय प्रेमळ कुटुंब आहे!

नुन्झिओ परतीच्या वाटेवर अर्धा तास मागे वळून गाडीकडेच बघत होता. मग म्हणाला, "माझी बोट चाळीस वर्षं पाण्यात होती, एकदाही दुसऱ्यानं ओढून आणावी लागली नाही. तुझी जमिनीवरच बुडालीय."

मी लक्ष दिलं नाही. मत्सर आहे, म्हटलं.

पुढचे सहा आठवडे मी त्या गाडीखाली, गाडीत आणि गाडीच्या वर काढले. इंटरनेटवर एक गृहस्थ अशा गाड्या दुरुस्त करून दाखवतो. तो हसत हसत एक स्क्रू काढतो आणि आतला भाग अलगद हातात येतो. मी तोच स्क्रू काढला तर दरवाजाचं आतलं हँडल हातात आलं! ते मी शर्टाच्या खिशात ठेवलं, नंतर बसवू म्हणून. बॅटरी बदलली, पंप बदलला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या. वायरींना रंग होते, पण उंदरांनी ते बघितले नसावेत. आणि जोडताना मीही फारसे बघितले नाहीत, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गाडी चालू झाली! अंगणात एवढा धूर झाला की समोरच्या बाई वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या. मी विजयी वीरासारखा एक चक्कर मारून यायला निघालो आणि पहिल्याच कोपऱ्यावर लक्षात आलं की डावीकडे वळायचा दिवा लावला की हॉर्न वाजतो. उजवीकडचा लावला की काचेवर पाणी उडतं. रेडिओ बंद केला की माझी सीट तापायला लागते. बाहेर चाळीस अंश, आणि खाली मी बार्बेक्यूवरच्या सॉसेजसारखा! सीट थंड करायची तर रेडिओ लावायचा, आणि रेडिओवर एकच स्टेशन लागायचं. त्यावर दिवसभर मेंढ्यांचे बाजारभाव.

"तर्क असतो ना गाडीत?" रेलीन म्हणाली.

"आहे! फक्त थोडा सरकलाय."

या सरकलेल्या तर्कानंच घोळ घातला. कामावरून येताना मी ज्या कोपऱ्यावर डावीकडे वळतो, तिथे लॉरेल प्रायरबाईंचं घर आहे. या लॉरेलबाई गावातल्या बोल्स क्लबच्या अध्यक्ष. म्हणजे पांढरे कपडे घालून हिरवळीवर गोळे घरंगळवायचे, आणि मग चहा पीत दुसऱ्याचा गोळा कसा चुकला ते सांगायचं, तो क्लब. रोज पावणेपाचला मी त्यांच्या दारापुढे भोंऽऽ करून वळत होतो. पहिल्या आठवड्यात बाईंनी खिडकीतून बघितलं. दुसऱ्या आठवड्यात हात हलवला. तिसऱ्या आठवड्यात ताटभर लॅमिंग्टन केक घेऊन आमच्या दारात हजर!

"क्लाइव्ह, हल्ली कोण कुणाला एवढा मान देतं! मी कालच सगळ्यांना सांगितलं, रोज न चुकता मला सलामी देतो म्हणून."

इथे खरं सांगायला हवं होतं. पण तोंडात लॅमिंग्टन होता.

"तर येत्या शनिवारी क्लबाची शंभरी. मिरवणूक आहे. तुझी उघडी गाडी सगळ्यांत पुढे हवी, आणि मागे बसणार आपल्या सर्वांत जुन्या सभासद. तुझ्या सासूबाई!"

माझ्या सासूबाई, डल्सी हॅनिगन. वय वर्षं एकोणनव्वद. हिवाळ्यात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. डॉक्टर म्हणत, चालायला हरकत नाही. पण कुबडी घेऊन लोकांत जायचं त्यांना नको होतं. दिवसभर खिडकीत बसायच्या. आधी ज्या बाई मला येताजाता टोमणे मारायच्या, त्या आता टोमणेसुद्धा मारेनात. खरं सांगतो, घर सुनं वाटायचं.

लॉरेलबाईंचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं.

"क्लाइव्हची गाडी?" आतून आवाज आला. "चालते ती?"

"चालते, आई!" मी ओरडलो.

त्यांची खुर्ची करकरली. मग म्हणाल्या, "रेलीन, माझी निळी टोपी काढून ठेव."

रेलीन स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. लॉरेलबाई गेल्यावर ती माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "हे बिघडवलंस ना, तर त्या गाडीतच राहायला जा."

आता एकच लहानशी अडचण होती. टप मुळी उघडतच नव्हता.

चार दिवस मी त्या टपाशी झुंजलो. शुक्रवारी दुपारी बटण दाबलं आणि काय सांगू! कुरकुरत, कण्हत, एखादी लठ्ठ बाई खुर्चीतून उठावी तसा टप उठला, वाकला आणि मागे जाऊन बसला. पण पक्का बसेना, मधूनच डोकं वर काढायचा. शेवटी नुन्झिओनं जाळ्याच्या दोरीनं तो मागच्या एका हुकाला करकचून बांधला.

"सुटणार नाही ना?" मी विचारलं.

"माझी गाठ? शार्क बांधून ठेवलाय मी या गाठीनं!"

शनिवारी अकरा वाजता मिरवणूक निघाली. पुढे माझी गाडी, मागे बँड, त्यामागे पांढऱ्या कपड्यांतले क्लबाचे म्हातारे. दोन्ही बाजूंना अख्खं गाव. मागच्या सीटवर सासूबाई, डोक्यावर निळी टोपी, हातांत पांढरे हातमोजे. त्या मोजूनमापून हात हलवत होत्या. मी आरशात बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं तोऱ्याचं हसू होतं. फुटपाथवरून बरोबर चालणारी रेलीन माझ्याकडे बघून हसली. सीट बुडाखाली पेटली होती, पण मी म्हटलं, जळू दे!

मग एलन स्ट्रीटवर डावीकडे वळायची वेळ आली.

भोंऽऽऽऽ! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दिवा बंद केला. भोंऽऽऽऽ! पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. भोंऽऽऽऽ! हॉर्न अडकला! बँडवाले वाजवत होते की नुसते गाल फुगवत होते ते कळेना. एका बाईंचा कुत्रा साखळी तोडून पळाला. लॉरेलबाई मागून ओरडल्या, "क्लाइव्ह, पुरे झाली सलामी!"

मी गाडी थांबवली, खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि फ्यूजच्या डबीतला हॉर्नचा फ्यूज उपटला. तो हॉर्नचा असावा, असा माझा अंदाज होता.

हॉर्न थांबला. इंजिनही थांबलं. त्या शांततेत एक ओळखीचं कुरकुरणं ऐकू आलं. टप उठत होता!

नुन्झिओची गाठ सुटली नाही, हे मी त्याच्या वतीनं नमूद करतो. हुकच गाडीतून उपटून आला. टप मगरीच्या जबड्यासारखा सासूबाईंच्या मागून वर आला. त्यांना पत्ताच नाही! त्या हात हलवताहेत आणि लोक त्यांच्या मागे बोटं दाखवताहेत. त्यांना वाटलं लोक टोपीचं कौतुक करताहेत, म्हणून त्या आणखी जोरात हात हलवायला लागल्या. मग डोक्यावर सावली पडली. "ढग आला वाटतं," एवढं म्हणाल्या आणि टप खाली बसला. खट्! काचा वर गेल्या. खट्! दोन्ही दारांना कुलपं लागली.

किल्ली आत. सासूबाई आत. मी बाहेर. ऊन डोक्यावर.

"आई, दार उघडा! हँडल ओढा!" मी काच बडवत ओरडलो.

आतून त्यांनी दार चाचपलं आणि रिकाम्या भोकाकडे बोट दाखवलं. पलीकडच्या दारापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. माझा हात खिशाकडे गेला. हँडल तिथेच होतं.

रेलीन धावत आली. माझ्या हातातलं हँडल तिनं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं! काचेपलीकडे सासूबाईंचा चेहरा लाल व्हायला लागला होता. त्यांनी टोपी काढली आणि त्या टोपीनंच वारा घ्यायला लागल्या.

"नुन्झिओ!" रेलीन किंचाळली. "टप काप!"

नुन्झिओनं सुरी काढली आणि माझ्याकडे बघितलं. आणि मी... काय सांगू, लाज वाटते. मी म्हणालो, "एक मिनिट, नुकताच उघडायला लागला होता तो."

मिनिट नव्हतंच ते, फार तर दोन सेकंद. पण त्या दोन सेकंदांचा हिशेब रेलीन माझ्याकडून मरेपर्यंत मागणार आहे. तिसऱ्या सेकंदाला मी ओरडलो, "काप, काप, बघतोस काय!"

नुन्झिओनं मोठा टूना चिरावा तसा तो टप या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला, हात आत घालून पलीकडचं दार उघडलं. रेलीननं आत उडी मारली.

"आई, बरी आहेस ना? चल, बाहेर ये, सावलीत बस. पाणी आणा कुणीतरी!"

पाणी आलं. सासूबाई ते सगळं प्यायल्या. टोपी नीट बसवली. म्हणाल्या, "बाहेर कशाला? मिरवणूक संपली का?"

"अगं पण..."

"रेलीन, मला कमरेला धरून उभी कर. आणि क्लाइव्ह, तू बाजूला हो. तू उभा असलास की मला लोक दिसत नाहीत."

टोमणा! सहा महिन्यांनी पहिला टोमणा! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

रेलीननं त्यांना धरून उठवलं, आणि त्या चिरलेल्या टपातून आधी निळी टोपी वर आली, मग सासूबाई. कमरेपर्यंत बाहेर, ताठ, एखाद्या रणगाड्यावरच्या सेनापतीसारख्या. त्यांनी हातमोजा घातलेला हात वर केला आणि एलन स्ट्रीटवर असा काही जल्लोष झाला की विचारू नका. इंजिन बंदच होतं. मग पांढऱ्या कपड्यांतले क्लबाचे म्हातारे गाडीमागे गोळा झाले आणि "हे हो!" करत ढकलायला लागले. लॉरेलबाईसुद्धा. सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर तेलाचे हात उमटले. मी उघड्या दारातून हात घालून स्टिअरिंगचं चाक धरलं आणि बाजूनं पळत राहिलो.

रविवारपासून सासूबाई कुबडी घेऊन रोज दुकानापर्यंत जायला लागल्या. लोक वाटेत थांबवून हात मिळवतात म्हणे. गाडी अंगणात उभी आहे. टपाच्या चिरेतून मॅगपाय पक्षी आतबाहेर करतात. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात सासूबाई आहेत, सुरीसकट नुन्झिओ आहे, आणि कोपऱ्यात माझा एक कोपर आहे.

आणि काल फोन वाजला. जवळच्या क्रिस्टल ब्रुक गावची शेतकी जत्रा भरवणारे गृहस्थ बोलत होते. आमच्या मिरवणुकीची कीर्ती तिथवर गेली होती, आणि त्यांना जत्रेत तश्शीच गाडी हवी होती. मी छाती फुगवली. अखेर माझ्या कष्टांची कुणीतरी कदर केली!

"आनंदानं आणतो," मी म्हणालो. "फक्त आधी इंजिनाकडे जरा बघावं लागेल मला."

"नको, नको!" ते गृहस्थ एकदम घाईनं म्हणाले. "तुम्ही कशालाही हात लावू नका! ओढायला आमच्याकडे ट्रॅक्टर आहे. त्या आजीबाई आणि तो सुरीवाला, एवढे दोघे पाठवून द्या."

"आणि मी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते गृहस्थ मोठ्या मनानं म्हणाले, "या ना. तिकीट दारातच मिळेल."